पिवळा ट्रे

कंपनी वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त काढते,
म्हणून काढलं. कॅन्टीनच्या टेबलावर निळा कागद अंथरून.
पोरगी कानडीत म्हणाली, मूठ आवळा.
मी मराठीत आवळली.

आठ दिवसांनी लिफाफा.
नाव मुटगेकर. आम्ही मुतगेकर, पण ते चालतं,
कागदावर बरोबर छापलेला मी अजून मला भेटलेला नाही.
उपाशीपोटी साखर एकशे बारा.
तीन महिन्यांची सरासरी सहा पॉइंट एक.
आणि शेजारी, चांदणी काढून, एकच शब्द:
बॉर्डरलाइन.

सिद्राय हसला. "ह्यात नवीन काय रे?
आपण जन्मलोच की तिथं."

मीही हसलो. पण चोवीस वर्षं
उद्यमबागेत इन्स्पेक्शनच्या टेबलाशी बसलोय.
हिरवा ट्रे पास, लाल ट्रे भंगार,
आणि मधला पिवळा,
ज्याच्याकडं डिस्पॅचवाले ढुंकून बघत नाहीत,
शिफ्ट संपताना तो माझ्यापाशीच उरतो.
बोअर वीस मायक्रॉन लहान. अजून घासता येतो.
मोठा झाला असता
तर जगातल्या कुठल्याच मशिनीनं परत लहान झाला नसता.

नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो:
गरम जॉब मोजायचा नाही.
थंड होऊ दे. गेजचं शून्य बघ. मग तीनदा माप.
तेव्हा आठवलं, रक्त दिलं त्याच्या आदल्या रात्री
मी नाइट केलेली, आणि अंगात कणकण.
म्हटलं, हां, गरम जॉब!
जरा बरं वाटलं.
मग कपाटातल्या फायलीतून गेल्या वर्षीचा कागद काढला.
एकशे चार.
त्याच्या आधीचा. अठ्ठ्याण्णव.
एक माप खोटं बोलेल.
तीन मापं एकाच बाजूला सरकत असतील
तर टूल झिजतंय.

डॉक्टर हुक्केरी "हेदरब्याडरी" म्हणाले,
मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीवर आले.
"शुगर झालेली नाही. होणारच, असंही नाही.
तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर चाला, पोट उतरवा."
गोळी नाही दिली.
मोकळ्या हातानं जिना उतरणं अवघड गेलं.

आमच्याकडं मधल्या गोष्टींना तारीख मिळते
आणि तारखेला पुढची तारीख.
वडिलांनी एका पाटीवरच्या अक्षरांसाठी लाठी खाल्ली होती,
थंडी पडली की गुडघा धरून बसायचे.
निकाल लागणार, म्हणायचे, औंदा लागणार.
ते गेले त्या वर्षीही औंदाच लागणार होता.
मधेच राहून माणूस अख्खा जन्म काढू शकतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून तर त्या शब्दाला घाबरलो.

मालननं विचारलं, "पास की नापास?"
"पिवळा," म्हणालो.
तिला ट्रे माहीत नाहीत. तिनं रंगच बघितला असावा,
कारण लगेच माझे डोळे खाली ओढून तपासले.
गंगव्वाकडून कुंदा आलेला, पोराला नोकरी लागली म्हणून.
मालननं तुकड्याचा अर्धा केला, अर्ध्याचा पाव.
मी पाव तुकडा बशीत फिरवून बघितला,
दोन्ही बाजूंनी,
ग्राहकाकडून परत आलेला माल बघावा तसा.
मग खाल्ला. गोडच होता.

आता स्कूटर घरी. अनगोळहून कामावर पायी.
चौथ्या गेटाला मालगाडी, फाटक पडलेलं.
गाड्यांची इंजिनं चालूच.
मी जागच्या जागी पाय हलवत राहतो.
दूधवाला कॅनवरून विचारतो,
"काय ओ मामा, घाईची लागली व्हय?"
"नाही," म्हणतो, "रिवर्क चाललंय."
तो मान हलवतो. काय कळलं कोण जाणे.
गार्डाचा डबा अजून यायचाय.